पदवीधराची अंगठी

अमेरिकेंतील एखाद्या सुशिक्षित गृहस्थाशीं हस्तांदोलन करण्याचा प्रसंग आला, तर त्याच्या बोटांत पुष्कळदां एक जाडजूड अंगठी दृष्टीस पडते. ती लग्नाची नसते, ग्रहशांतीची नसते, आणि निव्वळ हौसेचीही नसते. मध्यभागीं एक खडा, खड्याभोंवतीं वर्तुळाकार कोरलेलें विद्यालयाचें नांव, एका बाजूस पदवी मिळविल्याचें साल आणि दुसऱ्या बाजूस त्या संस्थेचें चिन्ह, असा तिचा थाट असतो. एका वर्षीं बाहेर पडणारे विद्यार्थी एकाच घाटाच्या अंगठ्या करवितात. पदवीदानापूर्वीं अंगठीवरील चिन्हाचें तोंड धारण करणाराकडे असावें आणि समारंभ आटोपतांच तें फिरवून जगाकडे करावें, असा अनेक ठिकाणीं संकेत आहे. तोंवर ती विद्यार्थ्याला त्याचें ध्येय दाखविते. पुढें ती जगाला त्याचें मूळ दाखविते.

या चालीचा आरंभ एका लष्करी विद्यालयांत झाला. हडसन नदीच्या कांठीं वेस्ट पॉइंट येथें अमेरिकेचे सेनाधिकारी तयार होतात. तेथील १८३५ च्या वर्गानें प्रथम अशी अंगठी करविली. त्या काळीं पत्र बंद करतांना लाख लावून तिजवर ठसा उमटविण्याची रीत चालू होती, म्हणून अंगठी जशी शोभेची तशीच कामाचीही होती. लगेच पुढच्या वर्षींच्या वर्गानें मात्र अंगठी घेतली नाहीं. परंपरा म्हणून जिला आज मान दिला जातो तिचा दुसऱ्याच वर्षीं खंड पडावा, हें मोठें मौजेचें आहे. पण बहुतेक परंपरांचें बाळपण असेंच असतें. पुढें ही चाल इतर विद्यालयांत पसरली. मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयानें १९३० च्या वर्गापासून अंगठीवर बीव्हर नांवाचा प्राणी बसविला. झाडें कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा हा जीव, तेव्हां इंजिनियरांना शोभेसा खरा. परंतु विद्यार्थ्यांनीं त्या सोन्याच्या अंगठीस ‘पितळी उंदीर’ हेंच नांव देऊन टाकलें आणि तेंच चिकटलें.

वेस्ट पॉइंटला अलीकडे एक नवी रीत सुरू झाली आहे. दिवंगत झालेल्या जुन्या पदवीधरांच्या अंगठ्या त्यांचीं कुटुंबें विद्यालयास परत देतात. त्या वितळवून निघालेलें सोनें नव्या वर्गाच्या अंगठ्यांच्या सोन्यांत मिसळण्यांत येतें. २००२ च्या वर्गापासून हें चालू आहे. म्हणजे आज अंगठी घालणाऱ्या तरुणाच्या बोटाभोंवतीं त्याच्या आजोबांच्या पिढींतील कोणा अनोळखी माणसाचें सोनें असतें. या एका रीतीनें त्या दागिन्याचा अर्थच पालटून टाकला आहे. ‘हें मीं मिळविलें’ असें सांगणारी वस्तु ‘हें मला मिळालें’ असें सांगूं लागली. विद्येच्या सर्व चिन्हांच्या पोटांत या दोन वाक्यांचा झगडा चाललेला असतो, आणि तो आपल्याकडेही फार जुना आहे.

मुंबई विद्यापीठांत अशी अंगठी कधींच आली नाहीं. कारण उघड आहे. १८ जुलै १८५७ रोजीं स्थापन झालेलें हें विद्यापीठ लंडनच्या विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेलें. त्याचें काम परीक्षा घेण्याचें. शिकविण्याचें काम निरनिराळ्या महाविद्यालयांचें. चार वर्षें एकाच आवारांत राहून, एकाच खाणावळींत जेवून, एकत्र खेळून जो एक ‘वर्ग’ अमेरिकेंत तयार होई, तो येथें झालाच नाहीं. कोणी एल्फिन्स्टनचा, कोणी विल्सनचा, कोणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा. परीक्षेच्या मंडपांत ते एकत्र येत आणि निकाल लागतांच पांगत. ज्यांची एक पंगत नाहीं त्यांची एक अंगठी कोठून असणार?

पहिल्या वेळीं पंगतही अगदीं लहान होती. १८६२ सालीं या विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले ते चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. पदवीदानाची स्वतंत्र इमारत तेव्हां नव्हती. समारंभ टाउन हॉलमध्यें होत. पुढें सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून पदवीदानाचें सभागृह १८७४ सालीं पुरें झालें. त्याच्या मोठ्या वाटोळ्या खिडकींत बारा राशींचीं रंगीत चित्रें आहेत, आणि तिच्यांतून पडणारा प्रकाश पदवी घेणारांच्या डोक्यावरून जातो. शेजारचा मनोरा १८७८ सालीं पूर्ण झाला. त्यास पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनीं आणि नांव दिलें आपल्या आईचें, राजाबाईचें. तोंपर्यंत एकाही स्त्रीला या विद्यापीठाची पदवी मिळाली नव्हती. तथापि त्याच्या आवारांतील सर्वांत उंच वास्तूवर नांव मात्र एका स्त्रीचें लागलें.

अंगठीच्या जागीं येथें झगा आला. युरोपांतील मध्ययुगीन धर्मपीठांत शिकणाऱ्यांचा तो वेष. थंड दगडी दालनांत ऊब देणारा. मुंबईच्या दमट हवेंत तो घामाचाच धनी झाला. त्याच्या गळपट्टीच्या रंगावरून शाखा ओळखावी, असा नियम. परंतु या झग्याची एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे, ती ही कीं बहुतेकांनीं तो भाड्यानें आणलेला असतो. सकाळीं आणावा, छायाचित्र काढून घ्यावें, संध्याकाळीं परत करावा. २०१९ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवीदानाचे पोषाख हातमागाच्या कापडाचे असावेत अशी सूचना केली, आणि कांहीं विद्यापीठांत झगा जाऊन उपरणें आलें. पोषाख बदलला तरी तो एका दिवसाचाच राहिला. सोन्याची अंगठी पदवीधराला मिळे, पण ती विद्यापीठाकडून नव्हे, सासऱ्याकडून! बी. ए. झालेल्या वराचा भाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कसा चढला, हें त्या काळच्या सुधारकांच्या लेखांत व नाटककारांच्या थट्टेंत पुष्कळ वाचावयास सांपडतें. पदवीचें चिन्ह बोटांत आलें तें हुंड्याच्या वाटेनें आलें, आणि त्याचा भार मुलीच्या बापानें सोसला.

याचा अर्थ असा नव्हे कीं, अंगठी आणि अधिकार यांचा संबंध आपल्या लोकांना ठाऊक नव्हता. उलट तो इतका परिचित होता कीं, ‘मुद्रा’ या एकाच शब्दानें आपण ठसा, अंगठी, नाणें, चेहरा आणि हाताची विशिष्ट ठेवण यांचा बोध करून घेतों, आणि छापण्यालाही मुद्रणच म्हणतों. सीतेला हनुमंताची खूण पटली ती अंगठीवरून. दुष्यंताला शकुंतलेची आठवण झाली ती अंगठीवरूनच, आणि तीही माशाच्या पोटांतून निघालेल्या. परंतु मुद्रेचें खरें राजकारण पाहावयाचें असेल तर विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’ पाहावें.

नंदांचा एकनिष्ठ अमात्य राक्षस पाटलिपुत्र सोडून जातांना आपल्या बायकामुलांस चंदनदास नांवाच्या जवाहिऱ्याच्या घरीं ठेवून गेला. एके दिवशीं चाणक्याचा हेर यमाचे पट दाखविण्याच्या मिषानें त्या घरीं शिरला. पांच वर्षांचें एक मूल कुतूहलानें बाहेर आलें. आंतून एका स्त्रीनें घाईनें हात पुढें करून त्याला मागें ओढलें, आणि त्या ओढाताणींत तिच्या बोटांतील अंगठी निसटली. पुरुषाच्या बोटाच्या मापाची ती, बाईच्या बोटाला सैल झालेली. घरंगळत ती हेराच्या पायांपाशीं येऊन थांबली. तिजवर राक्षसाचें नांव होतें. चाणक्यानें ती हातीं येतांच एक पत्र लिहवून घेतलें, तिजवर हा ठसा उठविला, आणि त्या एका पत्राच्या बळावर राक्षसाचे सारे मित्र त्याच्यापासून फोडले. राक्षस शहाणा होता, निष्कलंक होता. पण त्याची मुद्रा दुसऱ्याच्या हातीं जातांच त्याच्या शहाणपणाचा आणि निष्कलंकतेचा कांहीं उपयोग उरला नाहीं. मूल, आईची धांदल आणि सैल अंगठी, एवढ्या घरगुती गोष्टीवर एका साम्राज्याचें राजकारण फिरविणें ही नाटककाराची हिकमत तर खरीच. पण माणूस निराळा आणि त्याची खूण निराळी, ही त्याची समज तिच्याहूनही खोल आहे. पदव्यांच्या खोट्या सनदा पकडल्या गेल्याच्या बातम्या आज वर्तमानपत्रांत येतात, तेव्हां राक्षसाची अंगठी आठवल्यावांचून राहत नाहीं.

या नाटकाची चिकित्सक आवृत्ति १८८४ सालीं मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंत काशीनाथ त्रिंबक तेलंग यांनीं प्रसिद्ध केली. हेच तेलंग पुढें मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति झाले, आणि १८९२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी उपकुलगुरु. पदवीच्या सनदांवर विद्यापीठाचा ठसा उठविण्याची जबाबदारी ज्या पदाकडे होती, तेथें बसलेला पहिला हिंदी मनुष्य हा मुद्रेच्या नाटकाचा संपादक असावा, हा योगायोग इतिहासानें आपल्याकडून कांहीं न सांगतां टिपून ठेवला आहे. दुर्दैवानें ते तेथें फार दिवस राहिले नाहींत. १८९३ सालीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले.

मराठ्यांच्या राज्यांत मुद्रेचा दुरुपयोग होऊं नये म्हणून एक सुंदर व्यवस्था होती. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा सर्वांना परिचित आहे. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणें वाढत जाणारी ही शहाजीपुत्राची मुद्रा कल्याणासाठीं शोभते, असा तिचा आशय. तींत राजाच्या नांवाआधीं पित्याचा उल्लेख आहे, आणि ती कशासाठीं आहे हेंही तींतच सांगितलें आहे. पण तितकीच महत्त्वाची असते ती पत्राच्या शेवटीं उठविलेली लहानशी मर्यादामुद्रा. तिच्यापुढें कोणाला अक्षरही वाढवितां येऊं नये, म्हणून ती. एक मुद्रा अधिकार कोठून आला तें सांगे, दुसरी तो कोठें संपतो तें सांगे. पेशवाईंत ‘शिक्के-कट्यार’ हा शब्दच पदाचा वाचक झाला. बाळाजी विश्वनाथास १७१३ सालीं शाहू महाराजांनीं पेशवाई दिली; पुढें पेशव्यांची सत्ता अटकेपर्यंत गाजली, तरी नव्या पेशव्यास वस्त्रें साताऱ्याहूनच यावीं लागत, आणि पेशव्याच्या शिक्क्यांत आधीं छत्रपतीचें नांव, मग त्याचें स्वतःचें. सत्ता कोणाच्या हातीं होती हें सर्वांना ठाऊक होतें. तरीही दुसऱ्याचें नांव आधीं कोरण्याची ही रीत मोडण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं.

हें झालें राजकारणाच्या मुद्रेचें. विद्वानाच्या बोटांत काय असे? त्याचें उत्तर घरोघरच्या पूजेंत सांपडतें. धर्मकृत्यास बसतांना अनामिकेंत जें पवित्रक घालतात, ती दर्भाची अंगठीच होय. गवताचीं पातीं वळवून, गांठ मारून ती करावयाची; विधि संपला कीं गांठ सोडून टाकून द्यावयाची. जिला नांवच नाहीं अशा बोटांत, जी टिकावी अशी अपेक्षाच नाहीं अशी अंगठी! अधिकार कृत्यापुरता आणि कृत्य संपतांच अधिकारही संपला, हें गवताच्या काडीनें जितकें स्पष्ट सांगितलें तितकें सोन्याला सांगतां आलें नसतें. अर्थात् या अधिकाराचीं दारें किती थोड्यांना उघडीं होतीं, हेंही विसरून चालणार नाहीं. चिन्ह नम्र असलें म्हणून तें धारण करणारा समाज नम्र होता, असें होत नाहीं.

गुरुगृहींचें अध्ययन संपवून शिष्य घरीं परतूं लागे, तेव्हां समावर्तनाचा विधि होई. हाच आपला जुना पदवीदान समारंभ. स्नान झाल्यावर तो ‘स्नातक’ म्हणविला जाई, आणि पदवीधर या अर्थीं हा शब्द हिंदींत आजही चालतो. या प्रसंगीं कोणत्या वस्तु जमवाव्या त्यांची यादी आश्वलायन गृह्यसूत्रांत दिली आहे: मणि, कुंडलें, वस्त्रांची जोडी, छत्री, पादत्राणें, काठी, फुलांची माळ, अंगाला चोळण्याचें चूर्ण, उटी, अंजन आणि पागोटें. बारा वर्षें केस वाढवून, मेखला बांधून राहिलेल्या मुलाला गृहस्थ म्हणून जगांत पाऊल टाकण्यास जें जें लागेल तें सर्व या यादींत आहे. पण सूत्रकारानें एक अट घातली आहे. या वस्तु शिष्यानें स्वतःसाठीं आणि आचार्यासाठीं, अशा दोहोंसाठीं मिळवावयाच्या. आणि दोहोंसाठीं मिळत नसतील तर आचार्यासाठींच मिळवावयाच्या. म्हणजे पदवीदानाच्या दिवशीं एकच छत्री हातीं लागली, तर ती गुरूच्या डोक्यावर धरावयाची आणि स्नातकानें उन्हांतून घरीं जावयाचें.

पेशव्यांच्या काळीं श्रावणमासीं पुण्यांत विद्वानांस दक्षिणा वांटली जाई. तो रोख पैशाचा मान होता. त्याबरोबर मोठ्या पंडितास शालजोडी मिळे. पेशवाई बुडाल्यावर त्या निधीचा कांहीं भाग १८२१ सालीं निघालेल्या पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळला, आणि पुढें त्याच नांवानें महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊं लागले. न्यायमूर्ति रानडे आपल्या विद्यार्थिदशेंत असे दक्षिणा फेलो होते. पंडितांच्या रमण्यांतील पैसा मिलचे ग्रंथ वाचणाऱ्या तरुणाच्या हातीं आला, नांव मात्र जुनेंच राहिलें.

ऋणाचें आणि बंधनाचें चिन्ह म्हणून पदवीधराच्या बोटांत खरीखुरी अंगठी घालण्याची कल्पना विसाव्या शतकांत पुन्हां उगवली, ती कानडा देशांत. आणि तिच्या विधीचें शब्द लिहिणारा लेखक जन्मानें मुंबईकर होता. रडयार्ड किपलिंग याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजीं मुंबईस झाला. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिल्प शिकवीत. साम्राज्याचा हा कडवा अभिमानी कवि आपल्या लोकांना फारसा प्रिय नाहीं, आणि त्याचीं कारणेंही सबळ आहेत. परंतु यंत्रें, पूल, आगगाड्या आणि तीं उभारणारीं माणसें यांच्याविषयीं त्याला वाटणारी आस्था मात्र अस्सल होती.

टोरँटो येथें खाणकामाचे अध्यापक असलेले हर्बर्ट हॉल्टन यांनीं १९२२ सालीं असा विचार मांडला कीं, वैद्यांना जशी हिपोक्रेटिसाची शपथ आहे तसें इंजिनियरांनाही कांहीं बंधन असावें. त्यांनीं किपलिंगला पत्र लिहिलें. किपलिंगनें विधीचा सारा मजकूर तयार करून पाठविला, आणि अंगठी सुचविली ती लोखंडाची. २५ एप्रिल १९२५ रोजीं माँट्रिअल येथें पहिला विधि झाला. अंगठी साधी, घडीव लोखंडाची, हातोड्याच्या ठोक्यांनीं खडबडीत केलेली. तिला खडा नाहीं, तिजवर नांव नाहीं, साल नाहीं, विद्यालयाचें चिन्ह नाहीं. ती घालावयाची काम करणाऱ्या हाताच्या करंगळींत, म्हणजे नकाशावर रेघ ओढतांना किंवा सही करतांना ती कागदाला घासते आणि आपण तेथें असल्याचें जाणवून देते. लोखंडानें बोटाला काळा डाग पडतो, म्हणून पुढें बहुतेक ठिकाणीं न गंजणाऱ्या पोलादाची अंगठी आली. विधि खासगी असतो, आणि विद्यापीठांशीं त्याचा कांहीं अधिकृत संबंध नाहीं. पदवी देणारे एक आणि बंधन घालणारे दुसरे, असा हा विभाग मुद्दाम केलेला आहे. १९७० सालीं अमेरिकेंतही याच कल्पनेचा एक विधि सुरू झाला. मूळ मजकुरांतील जुन्या काळच्या कल्पनांवर अलीकडे कानडांत टीकाही झाली आहे, आणि ती अस्थानीं नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं इंजिनियर म्हणजे गोरा पुरुष, एवढेंच किपलिंगच्या डोळ्यांपुढें असणार.

या अंगठीविषयीं एक दंतकथा प्रचलित आहे. क्यूबेक येथील सेंट लॉरेन्स नदीवरचा पूल बांधीत असतां २९ ऑगस्ट १९०७ रोजीं कोसळला आणि पंचाहत्तर कामगार प्राणांस मुकले. पुलाच्या स्वतःच्या वजनाचा अंदाज हिशेबांत कमी धरला गेला होता. पुलाचे भाग वांकूं लागल्याचें जागेवरील माणसांच्या लक्षांत आलें होतें, पण काम थांबविण्याचा निर्णय वेळेवर झाला नाहीं. १९१६ सालीं मधला भाग चढवितांना पुन्हां अपघात होऊन आणखी तेरा माणसें मेलीं. पहिल्या लोखंडी अंगठ्या त्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या, असें सांगतात. तें खरें नाहीं. पण खरें नसूनही ती कथा टिकली, कारण अंगठी कशासाठीं आहे हें तिनें नेमकें ओळखलें. चुकीचें स्मरण चुकीच्याच धातूंत असावें, असें लोकांना वाटलें.

आपल्याकडे असा विधि रूढ झाला नाहीं. ठाण्यापासून दिघा, ऐरोली, रबाळें यांवरून बेलापुरापर्यंत गेलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत लोखंडाशीं दिवसभर झुंजणारे पदवीधर कामाला जातात, त्यांच्या करंगळ्या मोकळ्या असतात. पण जें स्मरण ती अंगठी देते त्याची आवश्यकता महाराष्ट्राला ठाऊक नाहीं, असें म्हणवत नाहीं. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून, म्हणजे पुढें अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेंतून, १८८३ सालीं मुंबई विद्यापीठाची स्थापत्याची परीक्षा देऊन मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बाहेर पडले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं बसविलेले आपोआप उघडणारे दरवाजे ही त्यांची कृति. पाणी ठराविक उंचीवर गेलें कीं मनुष्याची वाट न पाहतां दरवाजा उघडावा आणि धरणावरील ताण कमी व्हावा, अशी ती योजना होती. १२ जुलै १९६१ रोजीं त्याच खोऱ्यांत वर नवें बांधलें जात असलेलें पानशेतचें धरण फुटलें. काम पुरें होण्यापूर्वींच त्यांत पाणी अडविलें गेलें होतें. तो लोंढा खालीं खडकवासल्यावर आला. तेंही धरण त्यापुढें टिकलें नाहीं. भर दिवसा मुठेचें पाणी पुण्याच्या पेठांत शिरलें. ज्या संगमाकडे तो पूर धांवला त्याच्या कांठींच तें महाविद्यालय उभें आहे. विश्वेश्वरय्या तेव्हां हयात होते. वयाची शंभरी गांठलेले. पुण्यांतील जुन्या वाड्यांच्या भिंतींवर पाणी कोठवर चढलें होतें त्याच्या खुणा पुढें कित्येक वर्षें दिसत. घडीव लोखंडाच्या कड्यापेक्षां ती खूण अधिक बोलकी होती, पण तिला बोटांत घालून फिरतां येत नव्हतें.

अंगठीच्या देशांत जाऊन पदवी मिळविलेल्या आपल्या पहिल्या विद्यार्थिनीची खूण आणखीच निराळी आहे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांत दाखल झाल्या. त्यांचें एक छायाचित्र १८८५ सालचें आहे. तींत तीन विद्यार्थिनी शेजारीं शेजारीं आहेत: लुगडें नेसलेल्या आनंदीबाई, जपानी पोषाखांत केइ ओकामी आणि सीरियाच्या वेषांत साबात इस्लामबूली. महाविद्यालय एक, विद्या एक, आणि अंगावर तीन देशांचीं वस्त्रें. एकाच घाटाची अंगठी सर्वांनीं घालावी या कल्पनेचें हें अगदीं उलटें चित्र म्हणतां येईल. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली; त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली, पण कामावर रुजू होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाची बावीस वर्षें पुरीं होण्याआधीं, त्या गेल्या. त्यांची रक्षा अमेरिकेंत ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांना लेकीप्रमाणें वागविलें त्यांच्याकडे पाठविण्यांत आली, आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमींत तिजवर एक शिळा उभी आहे. पदवीचा उपयोग करावयास मिळाला नाहीं. ऋण मात्र दोन्ही देशांत नोंदलें गेलें.

तीस वर्षांनंतर, १९१६ सालीं, धोंडो केशव कर्वे यांनीं पुण्याजवळ हिंगण्यास महिला विद्यापीठ काढलें. त्याचे पहिले कुलपति झाले ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर, १८६२ च्या त्या चौघांपैकीं एक. येथें शिक्षणाचें माध्यम मातृभाषा ठेवण्यांत आलें. तेव्हां पदव्यांचीं नांवें तरी उसनीं कां घ्यावीं, असा प्रश्न आलाच असणार. येथील पदव्यांना संस्कृत नांवें दिलीं गेलीं. पहिली पदवी ‘गृहीतागमा’, म्हणजे जिनें विद्या घेतली आहे ती. तिच्या वरची पदवी ‘प्रदेयागमा’, म्हणजे जिची विद्या आतां द्यावयाची आहे ती. इंग्रजी पदव्यांचीं नांवें मनुष्य किती पायऱ्या चढला तें सांगतात. या दोन नांवांत घेणें आणि देणें एवढेंच आहे. अंगठी नाहीं, खडा नाहीं. सनदेवरील एका शब्दांत सूत्रकाराची छत्रीची अट येऊन बसली होती.

१९२० सालीं विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचें, नाथीबाईंचें, नांव मिळालें. राजाबाईंच्या मनोऱ्यानंतर पुन्हां एका मुंबईच्या व्यापाऱ्याची आईच विद्येच्या दारावर आली. १९३६ सालीं विद्यापीठाचें मुख्य ठाणें मुंबईस गेलें. सरकारमान्यता नसल्यामुळें या पदव्यांना नोकरीच्या बाजारांत किंमत कमी, अशी तक्रार अनेक वर्षें चालली होती, आणि ज्या मुलींना पोट भरावयाचें होतें त्यांच्या दृष्टीनें ती रास्तच होती. अखेर १९५१ सालीं कायद्याची मान्यता मिळाली, आणि इतर विद्यापीठांप्रमाणें येथेंही बी. ए., एम. ए. हींच नांवें रूढ झालीं. ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’ हे शब्द जुन्या सनदांवर राहिले.